तीन फूट बाय चार फूट

माझ्या वडिलांचा जन्म १९४१ साली लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत झाला. आजी ती रात्र अनेकदा सांगायची. पुरुषमाणसं गॅलरीत जाऊन बसली. मोरीच्या बाजूला जुन्या लुगड्याचा आडपडदा बांधला. सुईण आली, पदर खोचला आणि तिने तीन गोष्टी मागितल्या : उकळतं पाणी, दोरा आणि नवं पातं. ‘नवं’ या शब्दावर आजी दर वेळी जोर द्यायची. कारण आदल्या वर्षी शेजारच्या बिऱ्हाडातलं मूल आठव्या दिवशी आकडी येऊन गेलं होतं, आणि त्याची नाळ घरातल्या वस्तऱ्याने कापली होती. सुईणीला त्यामागचं कारण कुणी शिकवलेलं नव्हतं. पण तिने दोन गोष्टी जोडून पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून ती नव्या पात्याशिवाय हात लावत नसे.

मी डॉक्टर नाही. गिरणगावातल्या बायकांच्या कामाचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. या अभ्यासात सुईण वारंवार समोर यायची, पण नेहमी आरोपी म्हणून. नगरपालिकेच्या आरोग्य अहवालांत, समाजसुधारकांच्या भाषणांत, डॉक्टरांच्या निवेदनांत एकच सूर : अडाणी सुईण मुलं मारते. आजीच्या तोंडून ऐकलेली सुईण आणि कागदावरची सुईण यांचा मेळ बसेना. म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. प्रसूती करणाऱ्या बाईने नवजात बाळाची काळजी कशी घ्यावी याची जी मानकं आज जगभर मान्य आहेत, ती आधी नीट समजून घेतली आणि मग मागे वळून विचारलं की यातलं काय तिच्या हातात होतं आणि काय नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हजारी ६६६

१९२१ साली मुंबई शहरात जन्म नोंदलेल्या दर हजार मुलांमागे ६६६ मुलं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून कुणाचाही श्वास अडकेल. मात्र तो जसाच्या तसा घेता येत नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावात व्हायचा, तो मुंबईच्या खात्यावर चढत नसे. दोन-तीन महिन्यांनी आई मूल घेऊन मुंबईला यायची, आणि ते इथे दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत पडायचा. शिवाय चाळीत झालेले कितीतरी जन्म नोंदलेच जात नसत. भागाकारातला खालचा आकडा लहान राहिला आणि उत्तर फुगलं. ही सूज वजा केली तरी जे उरतं ते भयंकरच आहे.

त्याच वर्षाचे आणखी एका पद्धतीने मांडलेले आकडे मला जास्त बोलके वाटतात. कुटुंब किती खोल्यांत राहतं त्यानुसार ही विभागणी केलेली होती. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. गावी जाण्याचं प्रमाण एका खोलीतल्या कामगार कुटुंबांत अधिक होतं, म्हणून पहिला आकडा सर्वांत जास्त फुगलेला. तरीही उतार इतका तीव्र आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. एक खोली वाढली की मूल जगण्याची शक्यता झपाट्याने वाढते.

१९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांची गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाविषयीची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात एका चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं वर्णन आहे. खोली सुमारे पंधरा फूट बाय बारा फूट. तिच्यात सहा बिऱ्हाडं, सहा चुली, मोठी-लहान मिळून तीस माणसं. सहांपैकी तीन बायकांचे दिवस भरत आलेले. इथे बाळंतपण कसं करणार, असं सोबतच्या नर्सला विचारल्यावर तिने एक कोपरा दाखवला, आडोसा करून वापरला जाणारा. तीन फूट बाय चार फूट.

ही मापं मी घरात फरशीवर खडूने आखून पाहिली. त्या चौकटीत एक बाई पाय पसरून निजू शकत नाही. दुसरी तिच्यापाशी गुडघे टेकून बसू शकत नाही. हात धुवायला घमेलं ठेवायचं म्हटलं तर कुणाला तरी उठावं लागतं. सहा चुलींचा धूर असतोच. सुईणीवर खटला भरण्याआधी ही चौकट डोळ्यांसमोर हवी.

याच पाहणीतली दुसरी नोंद बाळगोळीची. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असं बार्न्सबाईंनी लिहिलं. आईला दहा-दहा तास खात्यात उभं राहायचं, मूल सांभाळायला कुणी नाही, म्हणून अफूची गोळी. गुंगीतलं मूल रडत नाही, पण ते नीट दूधही ओढत नाही. पहिल्या दिवशी सुईणीने कितीही चांगलं काम केलं असतं तरी चाळिसाव्या दिवसानंतरच्या बाळगोळीपुढे ते टिकलं नसतं. बाळंतपणाच्या रजेत वेतनभत्ता मिळावा म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आलं तेव्हा, जुलै १९२८मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. नवजात बाळाच्या काळजीच्या इतिहासात या कायद्याचं नाव सहसा घेतलं जात नाही. घ्यायला हवं.

सुईण आणि सोयर

‘सुईण’ शब्दाचा टोचणाऱ्या सुईशी संबंध नाही. तो ‘सूति’ म्हणजे प्रसव या शब्दातून आला आहे. पण जिच्या नावातच प्रसव, तिच्या कामाला समाजाने काय दर्जा दिला? बाळंतपण म्हणजे सोयर, म्हणजे विटाळ. नाळ कापणं हे विटाळातलंही विटाळाचं काम. अनेक ठिकाणी ते खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांकडे ढकललेलं होतं. वापरलेलं कापड टाकूनच द्यायचं, म्हणून बाळंतिणीला घरातली सर्वांत जुनी फडकी. खोली विटाळायची, म्हणून सर्वांत अंधारा कोपरा. आमच्या घरच्या सुईणीला लुगडं, नारळ आणि सव्वा रुपया मिळाला. चहा मात्र तिला गॅलरीत, वेगळ्या कपात दिला, हेही आजीच सांगायची, आवाज थोडा खाली आणून.

म्हणजे आधी घाण कापड द्यायचं, अंधारी जागा द्यायची, हात धुवायला ओंजळभर पाणी द्यायचं आणि मग अस्वच्छतेचा ठपका तिच्यावर ठेवायचा. सुईणीचे दोष नव्हते असं मी म्हणत नाही. नाळेवर राख किंवा शेण लावणं, कळा वाढवायला पोट दाबणं, हात न धुता आत घालणं, हे सर्व घडत होतं आणि त्याने माणसं मरत होती. पण हात न धुण्याचा मक्ता सुईणीकडे नव्हता. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं की ज्या कक्षात डॉक्टर आणि विद्यार्थी प्रसूती करतात, तिथे बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त आहेत. विद्यार्थी शवविच्छेदन करून सरळ प्रसूतिकक्षात येत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर मृत्यू झपाट्याने घटले.

इथे पाचवीचा विचार मनात येतो. पाचव्या-सहाव्या रात्री पाट्यावर सटवाईची पूजा मांडतात. कोरा कागद, लेखणी आणि शेजारी विळा किंवा कोयता. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असा समज. नाळेतून शिरणारा धनुर्वात साधारण याच सुमारास, तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत, डोकं वर काढतो. बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. ज्या रात्री मूल जाण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच रात्री जागायचं, पोलादी हत्यार जवळ ठेवायचं. हा संबंध पुराव्याने सिद्ध करता येणार नाही, माझा कयास आहे. पण आजीची सुईण ‘नवं पातं’ मागत होती तेव्हा ती सटवाईच्या लेखणीलाच हात घालत होती. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस आणि स्वच्छ पातं या दोन साध्या उपायांनी भारताने २०१५ साली माता व नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

मानकं म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना आणि प्रसाविकांची आंतरराष्ट्रीय महासंघटना यांनी घालून दिलेल्या नियमांची यादी लांबलचक आहे. मी ती घड्याळाच्या काट्यांवर लावून समजून घेतली, तशीच इथे मांडते.

*पहिलं मिनिट.* बाळ बाहेर येताच कोरड्या, उबदार कापडाने पुसायचं, ओलं कापड टाकायचं आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांनाही पांघरायचं. खोलीत वारा नको, खोली किमान २५ अंश उबदार हवी. गर्भातल्या ऊबेतून आलेलं ओलं बाळ बघता बघता गार पडतं आणि गार पडलेलं बाळ श्वासासाठी लागणारी साखर ऊब टिकवण्यात खर्च करतं. पाय धरून उलटं टांगणं, पाठीवर चापट्या मारणं, रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडात नळी घालणं, हे सर्व आता बाद आहे. पुसूनही बाळाने श्वास घेतला नाही, तर मिनिटाच्या आत पिशवी आणि मुखवट्याने त्याच्या छातीत हवा भरायला सुरुवात व्हायला हवी. पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुधा साधी हवाच पुरते, ऑक्सिजनच्या नळकांड्याची वाट पाहायची नाही. हे यंत्र हाताच्या पंजात मावतं. पण ते वापरता येणारा हात त्या मिनिटाला तिथे लागतो. शेजारच्या खोलीतल्या तज्ज्ञाचा उपयोग नाही.

*पहिली तीन मिनिटं.* नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. या अवधीत वारेतून बाळाकडे ८० ते १०० मिलिलिटरच्या आसपास रक्त येतं आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने पंडुरोगापासून वाचवतं. नंतर निर्जंतुक पात्याने कापायची, घट्ट बांधायची आणि वर काहीही लावायचं नाही. हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. उघडी, कोरडी ठेवायची. इथे जुनी सुईण एका बाबतीत पुढे होती. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची चाल आपल्याकडे अनेक भागांत होती. घाईने चिमटा लावून कापणं ही दवाखान्याची देणगी.

*पहिला तास.* बाळ आईच्या अंगावरून उचलायचं नाही. वजन, टोपी, झबलं, नातेवाइकांना दाखवणं, सर्व नंतर. तासाच्या आत बाळ अंगावर पाजायला घ्यायचं. पहिलं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाला आपण केवढा मान देतो! त्याचा खरवस वाटीवाटीने शेजारी पाठवतो. तोच चीक बाईचा असला की ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध, गुळाचं पाणी, बाळगुटी चाटवायची. चिकात रोगप्रतिकारक द्रव्यं भरलेली असतात, तर मधातून अर्भकाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीही नाही, हे मानक या पहिल्या तासात रुजतं किंवा मोडतं.

*पहिला दिवस.* २४ तास आंघोळ नाही. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट लेप पुसून काढायचा नसतो, तो त्वचेचं रक्षण करतो. रक्तस्राव टाळण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन. बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि कावीळ ‘ब’ची पहिली मात्रा. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ आईच्या किंवा बापाच्या छातीला कातडीला कातडी लावून शक्य तितके तास बांधून ठेवायचं. ही ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली आणि पुढे पेटीला तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरली. आईचं दूध पुरत नाही अशा बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, हे मुंबईकराला ठाऊक असायला हवं.

*पहिले सहा आठवडे.* बाळ घरी गेलं म्हणजे जबाबदारी संपत नाही. दूध सोडणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, धाप, आकडी, नाळेभोवती लाली किंवा पू, तळव्यांपर्यंत पिवळेपणा, ही धोक्याची लक्षणं आईला तोंडपाठ व्हायला हवीत आणि कुणीतरी घरी येऊन पाहायला हवं. नवजातांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात.

या यादीत महाग असं फारच थोडं आहे, हे लक्षात आलं ना? कोरडं कापड, स्वच्छ पातं, पिशवी-मुखवटा, दोन-तीन लशी. बाकी सर्व माणसाचा वेळ आणि आईजवळची जागा.

सुईण ते सिस्टर

या शहराने सुईणीला पर्याय शोधायला लवकर सुरुवात केली. गिरगावात राहणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रसूतिशास्त्र मराठीत आणलं. त्यांच्या घरात वाढलेली रखमाबाई पुढे डॉक्टर झाली. एडिथ पीची १८८३ साली मुंबईत आल्या आणि १८८६ साली सुरू झालेलं कामा रुग्णालय बायकांनी बायकांसाठी चालवलं. पण गिरणगावासाठी खरी मोठी घटना १९२६ची. त्या वर्षी परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. १९२९ साली शेजारीच बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. गिरणीमालकांच्या पैशातून, गिरणीकामगारांच्या बायकामुलांसाठी. १९३५ साली नर्स, प्रसाविका आणि आरोग्यभेटी देणाऱ्या बायकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतात झाला आणि ‘प्रशिक्षित’ व ‘अप्रशिक्षित’ यांच्यात कागदोपत्री रेघ ओढली गेली.

याने असंख्य जीव वाचले. अडलेलं बाळंतपण, रक्तस्राव, झटके, यांवर चाळीतल्या सुईणीकडे उत्तर नव्हतं, परळच्या प्रसूतिगृहात होतं. माझ्या आजीने पुढची दोन बाळंतपणं दवाखान्यात केली आणि त्याबद्दल ती आयुष्यभर कृतज्ञ होती. दादर-गिरगावच्या मध्यमवर्गाने घरगुती वळणाच्या खासगी प्रसूतिगृहांची वाट धरली. आज मुंबईत जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यांत होतात.

पण या स्थलांतरात एक माणूस हरवलं. सुईण एका बाईपाशी बसायची, कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत, आणि पुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. त्या रोजच्या मालिशीत तिचे हात बाळाचं वजन, ताप, नाळ, सगळं तपासत असत. दवाखान्यात तिची कामं वाटली गेली. कळा एकीने पाहायच्या, प्रसूती दुसऱ्याने, बाळ तिसऱ्याने, न्हाण घरच्या बाईने. आपल्याकडे नर्सच्या शिक्षणात प्रसूतिविद्या असते, पण नर्सची नेमणूक आज प्रसूतिकक्षात, पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियाकक्षात. प्रसाविका हा स्वतंत्र पेशा राहिलाच नाही.

१९९१ साली माझी मुलगी एका मोठ्या रुग्णालयात जन्मली. नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे तसंच होतं. तिला मला लांबूनच दाखवली, लगेच आंघोळ घातली आणि सहा तासांनी कपड्यात गुंडाळून आणून दिली. मधल्या वेळात तिला साखरेचं पाणी पाजलं होतं. कुणी अडाणी नव्हतं. सगळ्या प्रशिक्षित होत्या. वर लिहिलेल्या यादीतली चार मानकं त्या सहा तासांत मोडली गेली, आणि ती मोडली आहेत हे मला कळायला तीस वर्षं लागली.

गडचिरोलीचं उत्तर

प्रशिक्षण म्हणजे पदवी की हातातलं नेमकं कौशल्य, याचं उत्तर मुंबईत नाही, राज्याच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रयोग केला. बाळंतपणं घरीच होत होती. प्रत्येक गावातली एक थोडंफार शिकलेली बाई निवडून तिला प्रसूतीच्या वेळी सुईणीसोबत हजर राहणं, न रडलेल्या बाळाला श्वास देणं, बाळ उबदार ठेवणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं आणि महिनाभर घरी भेटी देणं शिकवलं. सुईणीला हाकललं नाही, तिच्याशेजारी दुसरी बाई उभी केली. नवजात मृत्युदर हजारी ६२वरून तीन वर्षांत २५पर्यंत खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि २०११पासून आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यातून उभा राहिला. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ होता, देशाचा २०.

२०१८च्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नर्सिंग झालेल्यांना आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन स्वतंत्र प्रसाविका तयार करायच्या आणि गर्दीच्या रुग्णालयांत प्रसूतिकक्षाला लागून त्यांचे स्वतःचे कक्ष चालवायचे, अशी ती कल्पना. सुरळीत बाळंतपण तिने करायचं, गुंतागुंत दिसताच डॉक्टरला हाक मारायची. हरवलेलं माणूस, शिकवून आणि अधिकार देऊन, परत बोलावण्याचा हा प्रयत्न आहे.

तो यशस्वी होईल का, हे अभ्यासक्रमावर कमी आणि आकडेमोडीवर जास्त ठरेल. पहिला तास बाळ आईच्या छातीवर ठेवायचं, तर ती खाट तासभर रिकामी होणार नाही. मिनिटाच्या आत श्वास द्यायचा, तर एका प्रसाविकेकडे एका वेळी एकच बाई हवी. बाहेर पॅसेजमध्ये तिघी कळा देत असतील तर भिंतीवर लावलेल्या मानकांच्या तक्त्याला काय करायचं? दोष पुन्हा एकदा तिथे उभ्या असलेल्या बाईवर येईल, जसा शंभर वर्षांपूर्वी आला. १९२१च्या आकड्यांनी सांगितलं होतं की मूल सुईणीमुळे जितकं मरतं त्याहून अधिक जागेअभावी, वेळेअभावी आणि आईच्या बुडालेल्या रोजामुळे मरतं. आज खोली मोठी आणि फरशी स्वच्छ आहे, पण तंगी त्याच गोष्टींची आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा मी सोबत होते. सिस्टरने बाळ पुसून तिच्या छातीवर ठेवलं, नाळ थांबून कापली, टोपी घातली. वीस मिनिटांनी मावशी ट्रॉली घेऊन आली, टेबल हवं होतं. सिस्टर म्हणाली, “थांबा जरा, बाळ लागतंय अंगाला.” दहा मिनिटांनी मावशी परत आली, तेव्हाही तिने तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र तिला काही बोलता आलं नाही, बाहेरच्या बाईचं ओरडणं आम्हालाही ऐकू येत होतं. एकूण चाळीस मिनिटं तिने मिळवून दिली.

निघताना मी तिचं नाव विचारलं आणि बाळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं. माझ्या वडिलांची जन्मतिथी, वेळ, नक्षत्र, सगळं आमच्या घरात लिहिलेलं आहे. नवं पातं मागणाऱ्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.